बुजवायच्या आधी एकदा आत बघा

प्लास्टर वाळून कडक झालं होतं तरी ती येतच होती. चोचीत हिरवी अळी, अजून वळवळणारी. भिंतीवरच्या एका ठरावीक जागेसमोर यायची, पंख फडफडवत क्षणभर हवेत थांबायची, पाय टेकायला काहीच नाही म्हणून खाली घसरायची, मग शेजारच्या पाइपवर बसून इकडेतिकडे बघायची आणि परत तिथेच. मी खिडकीत उभी होते, हातात अजून प्रवासाची बॅग होती, आणि मला एक मिनिट कळलंच नाही की ही असं काय करतेय. मग भिंतीकडे नीट बघितलं. तिथे एक भोक होतं, ते आता नव्हतं.

आमच्या इमारतीच्या दुरुस्तीचं काम चालू होतं. परांची बांधलेली, रोज ड्रिलचा आवाज, सगळीकडे धूळ. जिन्याच्या बाजूच्या भिंतीत स्लॅबच्या खाली फार पूर्वी कुठलातरी पाइप होता, तो काढला गेला आणि त्याचं भोक तसंच राहिलं, साधारण तीन बोटं रुंद असेल. त्यात चिमण्यांचं घरटं होतं. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीपासून जेमतेम पाच-सहा फुटांवर, म्हणजे मी काम करता करता मान वर केली की दिसायचंच. आधी नुसता नर यायचा, गळ्यावर काळा डाग असलेला, आणि भोकाच्या तोंडाशी बसून दिवसभर एकच चिवचिव. मग मादी आली, मग गवत, दोरे, कोंबडीचं पीस, कसल्याशा पिशवीचा तुकडा असं काय काय आत गेलं. मग बरेच दिवस शांतता. आणि मग एक दिवस आतून बारीक आवाज सुरू झाला, आणि दोघांच्या खेपा. एका सकाळी मी चहा थंड करून तासभर मोजल्या होत्या, १९ खेपा झाल्या. दर वेळेला चोचीत काहीतरी मऊ, अळी नाहीतर मावा, एकदाही दाणा नाही.

शुक्रवारी मी दोन दिवसांसाठी बाहेर गेले, शनिवारी दुपारी त्या भिंतीचं क्रॅक फिलिंग झालं, सोमवारी सकाळी मी परत आले. एवढंच झालं.

मी खाली धावत गेले आणि काम करणाऱ्या गवंडी दादांना सांगितलं. त्यांना वाटलं मी काही तक्रार घेऊन आलेय, आधी ते जरा बचावाच्या सुरात बोलले, पण मग मी वर बोट दाखवलं आणि ती चिमणी नेमकी तेव्हाच परत आली. ते काही न बोलता छन्नी हातोडी घेऊन वर चढले. हळूहळू, कडेकडेनं तो सिमेंटचा गोळा काढला. आत गवताचा मोठा गुंता होता आणि त्यात चार पिल्लं. पंखांच्या नुसत्या निळसर काड्या आलेल्या, टोकाला जेमतेम पिसं फुटायला लागलेली, चोचीच्या कडा पिवळ्या. चारही गेलेली होती. दादा बराच वेळ परांचीवर तसेच बसून राहिले आणि मग म्हणाले, "ताई, आवाज आला असता तर हात लावला नसता हो. ड्रिल चालू होतं." मला त्यांच्यावर रागवावंसं वाटलंच नाही. आणि ड्रिल नसतं तरी आवाज आला असता की नाही कोण जाणे, कारण आईबापांनी धोक्याचा आवाज काढला की थोडी मोठी झालेली पिल्लं एकदम गप्प होतात, दबून बसतात. जगण्यासाठीच गप्प बसतात ती.

त्या दिवसापासून मी या विषयावर मिळेल ते वाचतेय, आणि वाचून जे कळलं ते इथे लिहितेय, कारण मला आधी वाटायचं की चिमण्या, पाकोळ्या कमी होतात त्या कुठल्यातरी मोठ्या, आपल्या हाताबाहेरच्या कारणानं. ती कारणं आहेतच. पण एक कारण इतकं साधं आहे की कुणाच्या लक्षातच येत नाही, आपण भोकं बुजवतोय. मुद्दाम पक्ष्यांना हाकलायला कोणी बुजवत नाही. पाणी झिरपू नये, ऊन-थंडी आत येऊ नये, भिंत चांगली दिसावी म्हणून बुजवतो. सगळी कारणं बरोबर आहेत, आणि तरी त्या प्रत्येक भोकात कोणीतरी राहत असू शकतं हे कामाच्या कुठल्याच कागदावर नसतं.

आपल्या भाषेत वळचण हा किती सुंदर शब्द आहे. छपराची भिंतीबाहेर आलेली कड, जिथून पागोळ्या गळतात. आणि वळचणीला येणं म्हणजे आसऱ्याला येणं. म्हणजे घराचा हा जो भाग आहे तो आपण राहायचा नाहीच, जो आसरा मागत येईल त्याचा आहे, हे भाषेनं धरूनच ठेवलंय. गव्हाणी घुबडाचं नाव घ्या, त्याच्या नावातच गव्हाण आहे, गुरांची. तो पक्षी कुठे भेटतो हे नावानंच सांगितलं. आता वळचणच नसलेल्या इमारती आहेत. सपाट गच्ची, सरळ खाली उतरलेली भिंत, काच नाहीतर पॅनेल, कुठे बोट अडकवायला फट नाही.

यातल्या कितीतरी पक्ष्यांना मागे फिरायला जागा नाही. चिमणी आपल्याबरोबर शेतीच्या सुरुवातीपासून आहे. २०१८ मध्ये चिमण्यांच्या जनुकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात घरचिमणी आणि तिची मध्य आशियातली रानात राहणारी एक भाऊबंद यांची तुलना केली होती. ती रानातली चिमणी माणसाच्या जवळ फिरकत नाही, स्थलांतर करते. घरचिमणीत मात्र कवटीच्या आकाराशी आणि पिठूळ अन्न पचवण्याशी संबंधित जनुकांत बदल झालेले दिसले, आणि दोघींची फारकत साधारण ११ हजार वर्षांपूर्वीची, म्हणजे माणूस धान्य पेरायला लागला त्या काळातली निघाली. म्हणजे ती नुसती आपल्या घरात राहायला आलेली नाही, ती आपल्यामुळे आतून बदललीय. तिला आता "जा रानात" म्हणून कसं सांगणार?

युरोपातल्या स्विफ्ट म्हणजे तिकडच्या पाकोळ्यांचंही तेच. मुळात त्या कडेकपारीत आणि जुन्या झाडांच्या ढोल्यांत राहणाऱ्या, पोलंडच्या बियालोविएजाच्या जंगलात अजून काही झाडांच्या ढोल्यांत घरटी करतात, पण असं जुनं जंगल आता उरलंय किती? बाकी जवळपास सगळ्या इमारतींमध्ये, कौलांखाली, दगडांच्या सांध्यात. उत्तर अमेरिकेतल्या चिमणी स्विफ्टची गोष्ट तर फारच बोलकी आहे (ही चिमणी म्हणजे धुराड्याची चिमणी, पक्षी नव्हे). आधी मोठ्या पोकळ झाडांमध्ये राहायची, माणसांनी जंगलं तोडली आणि विटांची धुराडी बांधली, ती धुराड्यात शिफ्ट झाली, शेकडो वर्षं राहिली, आणि आता धुराडी वापरात नाहीत म्हणून त्यांच्यावर टोपणं बसवली जातायत नाहीतर आतून गुळगुळीत पाइप टाकले जातायत. २०१८ मध्ये तिचा समावेश जगातल्या संकटग्रस्त पक्ष्यांच्या यादीत झाला. झाड गेलं आणि धुराडंही गेलं.

आता थोडे आकडे, कारण नुसतं "पूर्वी खूप असायच्या" म्हणून भागत नाही. लंडनच्या केन्सिंग्टन गार्डन्समध्ये १९२५ साली चिमण्या मोजल्या होत्या, २,६०३ भरल्या. त्याच बागेत १९४८ ला ८८५. १९७५ ला ५४४. १९९५ ला ४६. आणि २००० साली ८. आठ! मी हा आकडा दोन-तीनदा वाचला. पहिली घसरण घोडागाड्या जाऊन मोटारी आल्या तेव्हाची धरतात, घोड्यांच्या चंदीतनं सांडलेलं धान्य संपलं. नंतरची घसरण इतकी गूढ वाटली की त्याच २००० साली तिथल्या एका वर्तमानपत्रानं कारण शोधणाऱ्या शास्त्रज्ञाला ५ हजार पौंडांचं बक्षीस लावलं होतं. आणि मोबाइल टॉवरमुळे चिमण्या गेल्या असं जे लोक दर वर्षी सांगत असतात ना, त्यांनी ही यादी परत एकदा वाचावी, १९७५ ला कुठे होते मोबाइल टॉवर? तोवर पाचातल्या चार चिमण्या गेलेल्या होत्या.

युरोपियन युनियनच्या देशांचा एकत्र हिशोब २०२१ मध्ये आला, त्यात १९८० पासून घरचिमण्या सुमारे २४ कोटी ७० लाखांनी कमी झाल्यात, म्हणजे निम्म्या. त्याच वर्षाच्या शेवटी ब्रिटनमध्ये स्विफ्ट आणि हाऊस मार्टिन (भिंगरीची भाऊबंद) हे दोन्ही घरांवर अवलंबून असलेले पक्षी एकदमच धोक्याच्या लाल यादीत गेले. भारताचा २०२० चा पक्ष्यांचा अहवाल मात्र म्हणतो की एकूण देशभर घरचिमणी बऱ्यापैकी टिकून आहे, पण सहा महानगरांमध्ये हळूहळू कमी होतेय. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. पक्षी तोच, देश तोच, पण जिथे भिंती सगळ्यात जास्त गुळगुळीत झाल्या तिथेच तो मागे हटतोय. फक्त भिंतींमुळेच असं मी म्हणत नाहीये, महानगरात बाकी पण बरंच बदललंय, त्यावर खाली येतेच.

आधी जागेचंच पूर्ण करते. स्विफ्टबद्दल वाचताना एका गोष्टीनं मला हलवून सोडलं. हा पक्षी खाली बसतच नाही. खातो हवेत, पाणी उडता उडता पितो, झोपतो सुद्धा हवेत. स्वीडनच्या लुंड विद्यापीठातल्या लोकांनी २०१६ मध्ये दाखवलं की काही स्विफ्ट वर्षातले दहा महिने टेकतच नाहीत. टेकतात ते फक्त घरट्यात. म्हणजे अख्ख्या पृथ्वीवर त्याची पाय टेकायची जागा एकच, ते भिंतीतलं भोक. आणि आफ्रिकेतून हजारो किलोमीटर उडत येऊन जोडी बरोबर त्याच भोकात परत येते, दर वर्षी. मधल्या काळात कुणी ते बंद केलं असेल तर त्या सिमेंटवर वेगानं येऊन आदळत राहतात, पुन्हा पुन्हा. हे वाचलं तेव्हा मला माझी अळीवाली चिमणीच दिसली. नवीन जागा शोधायला किती वेळ लागतो बघा, स्विफ्टचं पहिलं घरटंच साधारण चौथ्या वर्षी होतं, त्याआधीचे उन्हाळे तरुण पक्षी भिंतींना धडका देत, डोकावत, जागा हेरत घालवतात. एका हंगामाला दोन नाहीतर तीन अंडी. असा हिशोब असलेल्या पक्ष्याचं एक भोक बुजवणं म्हणजे एका दुपारचं काम आणि त्यांची कितीतरी वर्षं.

आणि चिमणी लांब जात नाही. जिथे जन्मली त्याच्या आसपासच एक-दोन किलोमीटरमध्ये आयुष्य काढते, आणि एकटी राहत नाही, जवळजवळ चार-सहा घरटी लागतात तिला. म्हणजे एका इमारतीची सगळी भोकं एकाच वर्षी बुजली तर ती अख्खी वस्ती उठते, एखादी जोडी नव्हे.

"मग कबुतरं कशी वाढतायत?" हा प्रश्न मला घरातच विचारला गेला आणि बरोबरच आहे तो. कबुतराला भोक लागत नाही, सपाट कड पुरते, एसीचं युनिट, डक्टमधली पट्टी, खिडकीचा सज्जा, आणि ते नव्या इमारतींत भरपूर आहे. पण खरी गोष्ट पिल्लांच्या खाण्याची आहे. कबुतर आपल्या गळ्यातल्या पिशवीत दुधासारखा एक पदार्थ तयार करतं आणि तो पिल्लांना भरवतं, त्यामुळे त्याला धान्य मिळालं की झालं. चिमणीकडे हे दूध नाही. ती स्वतः दाणे खाते, भात खाते, पोळीचे तुकडे खाते, पण पहिले काही दिवस पिल्लांना मऊ किडे लागतात म्हणजे लागतातच. माझ्या त्या १९ खेपा आठवा, एकही दाणा नव्हता. इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात चिमण्यांच्या घरट्यांचा अभ्यास झाला होता, त्यात हेच दिसलं की जिथे किडे कमी तिथे पिल्लं घरट्यातच जास्त मरतात. म्हणून बाल्कनीत दाण्याचा डबा टांगला की चिमणी वाचली असं नाही. मोठ्यांचं पोट भरेल, पिल्लाचं नाही. त्यापेक्षा फवारणी न केलेली दोन झुडपं आणि थोडं वाढू दिलेलं गवत जास्त कामाचं.

किड्यांचं सगळंच अवघड झालंय. जर्मनीत ६३ संरक्षित ठिकाणी सापळे लावून २७ वर्षं उडणारे किडे गोळा केले होते, २०१७ मध्ये निकाल आला, वजनात ७५ टक्क्यांहून जास्त घट. आणि ही राखीव क्षेत्रं बरं का, शहर नव्हे.

याहून मला एका धुराड्याची गोष्ट लक्षात राहिलीय. कॅनडात किंग्स्टनच्या क्वीन्स विद्यापीठात फ्लेमिंग हॉल नावाची इमारत आहे. तिच्या जुन्या धुराड्यात चिमणी स्विफ्ट वर्षानुवर्षं रात्री मुक्कामाला यायच्या आणि त्यांची विष्ठा खाली साठत गेली, थरावर थर, दोन मीटर उंच. मग धुराडं बंद झालं. नंतर संशोधकांना कळलं की हा ढीग म्हणजे दप्तरच आहे, १९४४ ते १९९२ पर्यंतचं. त्यांनी थर कापून तपासले. प्रत्येक थरात त्या वर्षी खाल्लेल्या किड्यांचे तुकडे आणि त्या वर्षीच्या कीटकनाशकाचे अंश. डीडीटी वाढलेल्या थरांत भुंगेरे एकदम कमी झालेले, त्यांच्या जागी ढेकूणवर्गातले पोषणाला कमी असलेले किडे. डीडीटी बंद झाल्यावर भुंगेरे थोडे परत आले पण आधीसारखे नाहीत. कुणी मुद्दाम लिहून ठेवलं नव्हतं, पक्षी रोज रात्री तिथे झोपायला येत राहिले आणि त्यांच्या पोटातली गोष्ट तिथे जमा होत राहिली. एका बुजलेल्या धुराड्यात एवढं होतं.

चिखलाचं पण सांगायचंय, कारण ते कुणाच्या डोक्यातच येत नाही. भिंगऱ्या आणि हाऊस मार्टिन यांना भोक नको असतं, त्या वळचणीखाली मातीचा पेला चिकटवतात. एका पेल्याला चिखलाच्या हजारेक गोळ्या लागतात, एकेक चोचीतून आणलेली. आता सगळीकडे पेव्हर ब्लॉक आणि काँक्रीट असेल तर ओली माती आणायची कुठून? आणि कसंबसं बांधलं तरी खाली विष्ठा पडते म्हणून बांबूनं पाडून टाकतात. त्यासाठी घरट्याच्या हातभर खाली एक फळी ठोकली की भागतं. खरंच एवढंच लागतं, एक फळी.

आणि जिथे लोकांनी मनावर घेतलं तिथे फरक पडलाय, म्हणून तर मी लिहितेय. ऑक्सफर्डच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या मनोऱ्यात हवेसाठी सोडलेल्या झरोक्यांत स्विफ्ट राहतात आणि १९४८ पासून त्यांचा अभ्यास चालू आहे, पिढ्यानपिढ्या माणसं बदलली पण मनोऱ्यातली सोय तशीच ठेवली. जेरुसलेमच्या पश्चिम भिंतीत, जिथे लोक चिठ्ठ्या खोचतात, त्याच दगडांच्या फटींत स्विफ्टची घरटी आहेत, आणि भिंतीच्या डागडुजीत त्या फटी सोडून काम करतात. दोन हजार वर्षं जुनी भिंत जपताना जर पक्ष्यांसाठी फट ठेवता येते, तर आपल्या भिंतीला कुठली अडचण आहे? इंग्लंडमध्ये ब्रायटनला २०२० पासून ५ मीटरपेक्षा उंच नव्या बांधकामांत स्विफ्टसाठी पोकळ वीट बसवायची अट घातलीय. ती वीट बाकी विटांसारखीच भिंतीत बसते, फक्त तिला बाहेरून एक चीर असते आणि आत पोकळी. पाणी आत येत नाही, देखभाल लागत नाही. आणि गंमत म्हणजे त्यात चिमण्या पण आनंदानं राहतात.

वीट नसेल तर लाकडी पेटी. पण पेटी लावताना लोक ज्या चुका करतात त्या मी पण केल्यात, म्हणून सांगते. मी सुरुवातीला पत्र्याची एक रंगीत सुंदर पेटी लावली होती आणि दुपारी तिला हात लावला तर चटका बसला, लगेच काढली. लाकडाचीच लावा, दुपारचं ऊन येणार नाही अशा बाजूला, चिमणीसाठी भोक ३२ मिलिमीटरचं पुरतं, आणि एक लावू नका, दोन-तीन जवळजवळ लावा कारण तिला शेजार लागतो. समोर बसायची काडी अजिबात नको, चिमणीला तिची गरज नसते, तिचा उपयोग कावळ्याला होतो. स्विफ्टला उंची लागते, ५ मीटर तरी, आणि खाली मोकळी जागा, कारण ती भोकातून सरळ खाली झेपावते आणि मग पंख उघडते. पेटी लावली की लगेच कोणी येईल असं नाही. वर्ष जाऊ शकतं, दोन जाऊ शकतात. म्हणूनच आहे ते भोक वाचवणं शंभरपट सोपं आहे.

आणि ते वाचवायला काय लागतं? काम सुरू व्हायच्या आधी दोन दिवस सकाळ-संध्याकाळ भिंतीकडे बघायचं, एवढंच. भोकातून काडी लोंबतेय का, खाली भिंतीवर पांढरे ओघळ आहेत का, एखादा पक्षी परत परत एकाच जागी जातोय का. पिल्लं असतील तर थांबायचं. चिमणीची अंडी साधारण दोन आठवड्यांत फुटतात आणि पुढच्या दोन-अडीच आठवड्यांत पिल्लं उडून जातात, म्हणजे फार तर महिनाभर. तेवढा एक कोपरा शेवटी करायचा. दुरुस्तीचं काम महिनाभर लांबल्याशिवाय कधी संपतं का तसंही. आणि उडून गेल्यावरही शक्य असेल तर ते भोक ठेवायचं, आतून मागची बाजू बंद करून, म्हणजे ओल आत येणार नाही आणि कोनाडा शिल्लक राहील. कबुतरांसाठी डक्टला जाळी लावायची असेल तरी आधी आत कोण आहे ते बघायचं, कारण जाळी कबुतर आणि पाकोळी असा फरक करत नाही, अडकते ती बऱ्याचदा पाकोळीच.

त्या सोमवारी दुपारी गवंडी दादा आपणहून माझ्याकडे आले आणि म्हणाले, ताई, बाकीची कुठे कुठे आहेत ते दाखवा. मी त्यांच्याबरोबर सगळ्या इमारतीला चक्कर मारली. पुढच्या बाजूला तीन भोकं वापरात दिसली. त्यांनी खिशातला खडू काढला आणि परांचीवर चढून तिन्ही भोकांभोवती मोठे गोल काढले, आणि बरोबरच्या पोरांना ओरडून सांगितलं, गोलाच्या आत कोणी हात लावायचा नाही. रंग लावतानासुद्धा गोलाच्या कडेपर्यंत आला आणि तिथे थांबला. त्यातल्या दोन घरट्यांतनं पिल्लं उडालेली मी डोळ्यांनी बघितली. तिसऱ्यातली कधी उडाली कळलं नाही, एक दिवस आवाज बंद झाला आणि चार दिवसांनी नर परत येऊन गाऊ लागला, म्हणजे बहुतेक सगळं ठीक झालं असावं. माझ्या खिडकीसमोरचं भोक दादांनी परत बुजवलं नाही, कडा नीट गुळगुळीत करून तसंच ठेवलं. त्या जोडीनं त्यात परत घर केलं नाही अजून.

मागच्या भिंतीचं काम राहिलंय, पुढच्या महिन्यात सुरू करायचं म्हणतायत. तिकडे सगळ्यात वरच्या सज्जाखाली पाकोळ्या आहेत, पिसं आणि काड्या थुंकीनं चिकटवून केलेले गोळेच्या गोळे, एकमेकांना लागून. मी गच्चीवरून वाकून मोजलीत, ११ घरटी दिसतात. यांचा प्रश्न चिमण्यांपेक्षा अवघड आहे, कारण या पाकोळ्या विणीचा हंगाम संपला तरी रात्री झोपायला त्याच घरट्यांत येतात, त्यामुळे "रिकामी झाल्यावर काढू" असं म्हणायची सोयच नाही. सज्जाचं प्लास्टर एका बाजूनं सुटलंय हे पण खरं आहे, खाली लोक जातात-येतात, ते काम टाळता येणार नाही. मी असं सुचवणार आहे की सुटलेली बाजू आधी करायची, तिथे फक्त दोन घरटी आहेत आणि ती सध्या रिकामी दिसतायत, आणि उरलेल्या नऊंच्या खाली एक फळी ठोकायची. रविवारी मीटिंग आहे. वहीत रोजच्या वेळा लिहून ठेवल्यात, कुठल्या घरट्यात संध्याकाळी किती शिरतात ते, आणि गवंडी दादा पण येतो म्हणालेत.